कूर्मदास आणि शाळेची बाग

संतांनी भक्तीचा मार्ग सोपा केला, असे आपण कीर्तनात वारंवार ऐकतो आणि माना डोलावतो. पण सोपा केला म्हणजे नेमके काय केले? शके १२१२ मध्ये नेवाशास माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा गीता काही त्यांनी खाली उतरवली नाही. ती होती तेवढ्याच उंचीवर राहिली. ज्याला संस्कृताच्या पायऱ्या चढवत नव्हत्या त्याच्यासाठी त्यांनी दुसऱ्या अंगाने चढणीची वाट बांधली. त्या वाटेने नांगर धरणारा गेला, दळणारी बाई गेली, तुम्ही आम्ही अजून जात आहोत. शास्त्र सोपे केले की ते स्वस्त होते, असे म्हणणारे विद्वान सर्व काळी असतात. वारकऱ्याने तरी त्यांच्या पंक्तीला बसू नये.

हे आरंभीच लिहिण्याचे कारण असे की, या अंकात आम्ही एका अगदी व्यवहारातल्या गोष्टीचा विचार मांडणार आहोत. शाळेत मुलांसाठी जी बाग असते तीत अपंग मुलाला जाता येते का, आणि येत नसेल तर तो दोष कोणाचा? 'अहो, हा विषय वारकऱ्यांच्या मासिकात कशाला?' असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने पुण्याचा मुक्काम आठवावा. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबारायांची नाना पेठेत विसावते, तेव्हा आपल्यातल्या किती दिंड्या महापालिकेच्या शाळांतून उतरतात! शाळेच्या वर्गात पथारी टाकायची, आवारातल्या नळावर धोतर पिळायचे, आणि सकाळी त्याच आवारातल्या तुळशीला पाणी घालून निघायचे. पुण्याच्या शाळांचे अन्न-पाणी आणि सावली आपण खाल्ली आहे. तेव्हा त्या आवारात काय चालते हे पाहण्याचा अधिकार नसला, तरी ऋण आहे.

पुण्यातल्या पुष्कळ शाळांत हल्ली लहानमोठी बाग असते. भिंतीकडेला अळू, शेवगा, पपई, एखादे कढीपत्त्याचे झाड, मध्ये चार वाफे. मुलांच्या दुपारच्या जेवणात ताजी भाजी यावी म्हणून शाळाशाळांतून परसबाग करा, असे सरकारचेही सांगणे आहे. पण भाजी ही बागेची लहान कमाई. कढीपत्त्याच्या पानावर बसलेली हिरवी अळी रोज थोडी मोठी होते, एके दिवशी कोशात जाते, आणि पुढे केव्हातरी तिचे फुलपाखरू झालेले असते. हे ज्या मुलाने चार दिवस वाकून पाहिले, त्याला 'चराचरी भगवंत' हे शब्द पुढे कधी कानावर पडले तर परके वाटणार नाहीत. आम्हांला तर शाळेच्या चार भिंतींतला हाच तास देवघराच्या सर्वांत जवळचा वाटतो.

अशा एका शाळेत आम्ही गेलो होतो. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती वाईट शाळा नव्हे. बाग देखणी होती. बागेला कमान, कमानीखाली वीतभर उंबरा, पलीकडे दोन पायऱ्या उतरायच्या, आणि मग सगळीकडे पांढरी खडी पसरलेली. पाचवीचा वर्ग आत बिया टाकीत होता. व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीवर साऱ्या वर्गाच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. आम्ही बाईंना विचारले. बाई मायेने म्हणाल्या, 'तिला आवडतं हो, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायला.' बाई खोटे बोलत नव्हत्या. त्या मुलीला खरोखरच आवडत असेल. ज्याला एकच काम मिळते त्याला ते आवडून घ्यावेच लागते.

आता कूर्मदासाची कथा आठवा. आपल्या कीर्तनांतून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कूर्मदास पैठणचा. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. पंढरीचे वर्णन कानी पडले आणि एकादशीला पोहोचायचे म्हणून तो पोटावर सरपटत निघाला. दिवसाकाठी थोडे थोडे अंतर तोडीत तो लऊळपर्यंत आला आणि तेथे शरीर थकले. वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ त्याने देवाला निरोप दिला. मग पांडुरंग स्वतः निघाला, संगे ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण गाव लागले. तेथे सावतोबांचा मळा. देव मळ्यात शिरला, आणि 'मला लपव' म्हणताच सावतोबांनी खुरप्याने पोट चिरून देवाला आत ठेवले. पुढे देव प्रगट झाला, आणि सावतोबांनाही बरोबर घेऊन सगळे लऊळला कूर्मदासापाशी गेले. कुर्डूवाडीजवळ लऊळला त्याचे स्थान आजही आहे.

या कथेतले भक्तीचे रहस्य कीर्तनकार उलगडून सांगतातच. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की, पंढरीहून लऊळला जाणारी देवाची वाट बागेतून गेली. आणि दुसरे असे की, पांडुरंगाने 'इतका आलास, आता उरलेलेही ये' असा उलटा निरोप धाडला नाही. कूर्मदासाला जेवढे शक्य होते तेवढे त्याने केले होते. जेथे त्याचे अंग संपले तेथून पुढचे चालणे देवाने आपल्या अंगावर घेतले. शाळेतली ती मुलगी घरून निघून, रस्ता ओलांडून, फाटकातून व्हरांड्यापर्यंत आली होती. तिचे लऊळ म्हणजे तो व्हरांडा. तेथून बागेपर्यंतची दहा पावले चालणे कोणाकडे आहे, हे वेगळे सांगायला नको.

येथे आपल्यातलेच कोणी प्रारब्धाची गोष्ट काढतील. पाय गेले हे तिचे प्रारब्ध, त्याला आपण काय करणार, असे हळहळत म्हणतील. या बोलण्यात दया दिसते, पण विचार नाही. प्रारब्धाचे जे काही म्हणायचे ते फार तर त्या पायांविषयी म्हणता येईल. पायऱ्यांविषयी नाही. पायऱ्या गवंड्याने बांधल्या, मजुरी घेतली, त्याचे बिल शाळेच्या दप्तरी असेल. माणसाने बांधलेली वस्तू प्रारब्धाच्या खात्यावर टाकणे म्हणजे हिशोबात लबाडी झाली. आणि पायांविषयी तरी आपण किती खात्रीने बोलतो? पोलिओने पाय गेलेली मुले गावोगावी होती, तेव्हा त्यालाही प्रारब्धच म्हणत. लशीचे थेंब घरोघर पोहोचले. २०११ च्या जानेवारीनंतर भारतात त्या जंगली विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. म्हणजे ज्याला आपण पूर्वजन्मीचे म्हणत होतो त्यातले कितीतरी आपल्याच आळसाचे होते! आपल्यावर दुःख आले तर प्रारब्ध आठवून शांत राहावे, हे संतांचे सांगणे आहे. दुसऱ्याच्या दुःखापाशी उभे राहून त्याचे प्रारब्ध मोजावे, असे त्यांनी कोठे सांगितलेले आमच्या तरी वाचनात नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो वारकऱ्यालाच सुचेल असा आहे. आपण अनवाणी चालतो, दिवेघाट चढतो, पावसात भिजतो. ते कष्ट हेच तर साधन. घाट सपाट केला तर वारीची गोडी राहील का? मग अपंग मुलालाही थोडे कष्ट पडू द्यावेत. त्यानेच मन घडते. यावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या मते भेद असा आहे. घाट आपण निवडलेला असतो. ज्याला झेपत नाही तो दिंडीच्या ट्रकमधून वर येतो आणि त्याचा टाळ कोणी काढून घेत नाही. आणि मुख्य म्हणजे घाट चढला तर जातो. कष्टाला तेथे फळ आहे. त्या दोन पायऱ्यांपुढे खुर्चीतल्या मुलीने कितीही कष्ट केले तरी ती बागेत जाणार नाही. ज्या कष्टाच्या पलीकडे काही नाही, त्याला तप म्हणू नये. तो नुसता अडथळा. पायऱ्या काढल्या म्हणून तिचे कष्टही संपत नाहीत; खुर्ची ढकलणे, वाकणे, माती उकरणे हे सगळे आहेच. फक्त ते आता तिच्या उपयोगी पडतात.

मग कोणी म्हणतात, शिपायाने उचलून आत न्यावे. आपल्याला लगेच नाथमहाराज आठवतात; गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे पोर त्यांनी कडेवर घेतले. त्या पोराला त्या क्षणी तेच हवे होते. पण नाथांनी त्याला कायमचे कडेवर ठेवले नाही, घरी पोहोचवले. रोज उचलून नेण्यात काय होते पाहा. मूल शिपाई येईल तेव्हा जाते आणि तो निघेल तेव्हा निघते. तो जेथे उभा करील तेवढेच पाहते. मुंग्यांची रांग दिसली तर 'थांबा हो मामा' म्हणायचे, आणि मामा थांबले तरी ते हात भरून आल्यावर किती थांबणार? बागेत मुलाला जे मिळते ते रेंगाळण्यात मिळते, आणि उचललेल्या मुलाला नेमके रेंगाळता येत नाही. शिवाय दहा-बारा वर्षांची मुलगी झाली की तिला कोणी उचललेले नको असते. ती बोलत नाही एवढेच. उचलणाऱ्याला पुण्य लागत असेल. पण आपल्या पुण्यासाठी दुसऱ्याला परावलंबी ठेवणे हा सौदा वारकरी पंथाला शोभणारा नाही. आपण वारीत एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याचे पाय चालतात की नाही हे पाहत नाही. पाया पडणे आणि उचलून घेणे यांतला भेद मनन करण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. 'एका मुलासाठी एवढे?' आपल्या तोंडी हा प्रश्न शोभतो का? एका पुंडलिकासाठी देव विटेवर उभा राहिला तो अजून उभाच आहे. पण हिशोबच हवा तर २०११ च्या शिरगणतीत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग माणसे नोंदली गेली. 'आमच्या शाळेत अशी मुले नाहीतच' असे सांगणाऱ्या मुख्याध्यापकांनी आपल्या फाटकाची पायरी एकदा पाहावी. मुले का नाहीत याचे उत्तर पुष्कळदा तेथेच असते.

पुण्याला हे काम नवे नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली निघालेली क्वीन मेरीज संस्था खडकीस आहे. कोरेगाव पार्कातल्या अंधशाळेचे काम १९३४ पासूनचे. मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी 'कामायनी' १९६४ साली सुरू झाली. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. पण त्या वेगळ्या शाळा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने प्रश्न शेजारच्या बाकावर आणून ठेवला आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला इतरांबरोबर शिकवावे, आणि इमारत व आवार त्याला वापरता येईल असे करावे, असे तो कायदा म्हणतो. आवारात बाग आली. म्हणजे बाटल्या सांभाळणारी ती मुलगी कोणाची दया मागत नाही, तिचे तिला द्यायचे आहे. शब्दही बदलले, आता कागदोपत्री 'दिव्यांग' म्हणतात. शब्द चांगला आहे. पण तो पाटीवर रंगवायला डबाभर रंग लागतो, आणि पायरीच्या जागी उतार करायला सिमेंट, गवंडी आणि कमिटीचा ठराव लागतो, म्हणून पहिले काम आधी उरकते.

पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि हरिजनांना विठ्ठलाचे दार उघडले. त्या दाराशी अडवणारी माणसे होती, म्हणून त्यांच्याशी बोलता आले, भांडता आले. बागेच्या पायरीशी कोणीच उभा नसतो. सगळे 'ये ना' म्हणतात. त्यामुळे तिच्याविरुद्ध उपोषणही करता येत नाही. कोणाचा द्वेष नसताना झालेला अन्याय दिसायला वेळ लागतो, आणि म्हणून तो अधिक टिकतो.

आता अंध मुलांविषयी. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज, ज्यांनी स्वतःला ज्ञानेश्वरकन्या मानले, त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. त्यांनी ग्रंथ इतरांकडून वाचवून घेतले, स्वतः विपुल रचना केली, आणि १९१५ साली पुण्यातच देह ठेवला. अंध मुलाचा विषय निघाला की आपण त्यांचे नाव घेतो आणि समाधान मानतो. पण प्रत्येक अंध मूल गुलाबराव महाराज होणार नाही, जसे प्रत्येक डोळस मूल ज्ञानोबा होत नाही. मोगऱ्याचा वास घेण्यासाठी कोणाला महात्मा व्हावे लागू नये. अमेरिकेत ब्रुकलिनच्या वनस्पती-उद्यानात १९५५ सालीच अंधांसाठी गंधाची बाग केली. वाफे हाताला येतील इतके उंच आणि पाने चुरगळायला मुभा. आपल्याकडे केरळात कालिकत विद्यापीठाच्या उद्यानातही स्पर्शाची बाग आहे. आपल्या पुण्याच्या मातीत तर याला काहीच अवघड नाही. तुळस, मरवा, पुदिना, गवती चहा, दवणा यांचे वास एकमेकांत मिसळत नाहीत. पानओव्याचे पान मखमली, पानफुटीचे जाड आणि कडेला नवी रोपे फुटणारे, लाजाळू बोट लागताच मिटणारी. लाजाळूला बारीक काटे असतात. असू द्यावेत. काटा टोचण्याचाही अनुभव मुलाचा असतो. अपंग मुलांच्या वाट्याला जपणूक फार येते आणि ढोपर खरचटणे फार कमी. मात्र कण्हेर, धोतरा, रुई ही जेथे हात आणि तोंड पोहोचते तेथे लावू नयेत, कारण ती विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांना वाईट.

बागेच्या कडेने कमरेइतक्या उंचीवर एक दोर बांधला आणि प्रत्येक वाफ्यापाशी त्याला गाठ मारली, तर अंध मूल एकटे फिरते. पहिली गाठ तुळस, दुसरी मरवा. ब्रेलमधल्या पाट्या झाल्या तर उत्तमच. पण पाट्या येईपर्यंत दोर थांबवू नये.

चाकाच्या खुर्चीचा हिशोबही कठीण नाही. एक फूट चढायचे तर बारा फूट लांब उतार हवा. त्याहून उभा केला तर तो नुसता दाखवायचा उतार होतो आणि मागून ढकलणारा लागतोच. वाट चार फूट रुंद, आणि खुर्ची वळवायला कोठेतरी पाच फुटांचे मोकळे अंगण. शहाबादी फरशी टाळलेली बरी. श्रावणात तिच्यावर शेवाळ धरते आणि कुबड्यांवरची मुले घसरतात. चांगला मुरूम टाकून धुम्मस मारून बसवला तर पाय आणि चाक दोन्ही चालतात, आणि बाग बागेसारखी दिसते. सगळे वाफे उचलायची गरज नाही. दोन-तीन वाफे अडीच फूट उंचीवर हवेत. जुने पिंप आडवे कापून, कडा नीट मुडपून, लोखंडी घोडीवर ठेवले तर खाली गुडघे जातात आणि खुर्ची अगदी जवळ येते. एका बाजूने हात पुरायचा तर वाफा दोन फुटांहून रुंद नको. ज्यांची मूठ नीट वळत नाही त्यांच्यासाठी खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळाव्यात. हे शेवटचे आम्हांला एका माळ्याने सांगितले. त्याची स्वतःची दोन बोटे आखडलेली होती.

'अशाने निसर्ग कोठे राहिला?' असे निसर्गप्रेमी मंडळी विचारतात. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. कोपऱ्यात गवत वाढू द्यावे, पालापाचोळा कुजू द्यावा, सरडे राहू द्यावेत. वाट त्या कोपऱ्याच्या कडेपर्यंत मात्र न्यावी, म्हणजे आत काय सळसळते ते सगळ्यांना ऐकू येईल. आणि काही गोष्टी उरतीलच. आंब्याच्या झाडावर चढणे त्या मुलीला साधणार नाही, आणि त्यासाठी झाड तोडा असे कोणी म्हणत नाही. झाड उगवलेले असते, पायरी बांधलेली असते; जे बांधले त्याचा जाब मागता येतो.

हे करताना एक गोष्ट आधी करावी. आराखडा काढण्यापूर्वी त्या मुलांनाच बोलावून विचारावे की तुम्हांला कोठे जायचे आहे. मोठी माणसे फुलांच्या ताटव्याकडे वाट काढतात, आणि मुलाला पाण्याच्या टाकीमागे बेडूक पाहायचे असतात. शाळेच्या समितीत वारकरी पालक असतील त्यांनी हे बोलणे काढावे. गवंडीकाम जाणणारे माळकरी पुण्यात काही थोडे नाहीत. एका रविवारी चौघे जमले तरी उंबरा निघतो. उताराचे सिमेंट उन्हाळी सुट्टीत करावे, म्हणजे त्यावर पाणी मारायला दिवस मिळतात. मुरूम मात्र जूनच्या पहिल्या पावसाच्या आधी दाबून झाला पाहिजे, नाहीतर चिखल होऊन चाके रुततात. काढलेली पांढरी खडी फेकू नये. ती उंच पिंपांच्या तळाशी चार बोटे घालावी, वर माती.